विश्लेषण : ‘सुपरमॅन’ला पडद्यावर आणणारे मॅक्स फ्लायशर स्वतःच्याच स्टुडिओतून बाहेर कसे पडले?

सुपरहिरोची जन्मकथा सांगणारे अ‍ॅनिमेशनपट आज ढिगाने निघतात. थेट डीव्हीडी-ब्लू-रेवर किंवा ओटीटीवर येतात, त्यांची परीक्षणे होतात आणि नवा आला की जुना विसरला जातो. या साऱ्यांचा मूळपुरुष मात्र २६ सप्टेंबर १९४१ रोजी अमेरिकेतील चित्रपटगृहांत झळकलेले जेमतेम दहा मिनिटांचे रंगीत कार्टून आहे. सुपरमॅन पडद्यावर दिसला तो इथे पहिल्यांदा. हे कार्टून आज यूट्यूबवर फुकट पाहता येते, त्याआधी ते व्हिडीओ कॅसेट आणि स्वस्त डीव्हीडींवर वर्षानुवर्षे विकले गेले. ज्यांच्या स्टुडिओत ते तयार झाले ते मॅक्स फ्लायशर मात्र ते प्रदर्शित झाले त्या दिवशी स्टुडिओचे मालक उरले नव्हते. हे कसे घडले?

या दहा मिनिटांत नेमके काय आहे?

सुरुवातीलाच क्रिप्टन ग्रहाचा स्फोट, त्याआधी पृथ्वीकडे सोडलेले बाळ आणि रस्त्याने जाणाऱ्या एका वाहनचालकाला ते सापडणे, एवढी जन्मकथा अगदी थोडक्यात उरकली जाते. बाळ अनाथालयात वाढते. केन्ट दाम्पत्य, शेत, कॅन्सस यांपैकी काहीही येथे नाही. आजच्या दिग्दर्शकाने याच ऐवजावर पाऊण तास घेतला असता. इथे मात्र डोळ्याचे पाते लवते न लवते तोच क्लार्क केन्ट ‘डेली प्लॅनेट’च्या कचेरीत उभा असतो.

पुढची गोष्ट साधी आहे. डोंगरावर राहणारा एक माथेफिरू शास्त्रज्ञ विध्वंसक किरणांची तोफ घेऊन शहराला धमकावतो. बातमीच्या मागावर लोइस लेन स्वतः विमान चालवत त्याच्या अड्ड्यावर पोहोचते आणि पकडली जाते. किरण आधी पुलावर, मग ‘डेली प्लॅनेट’च्या इमारतीवर पडतो. कोसळणारी इमारत सावरून सुपरमॅन तो किरण अक्षरशः बुक्क्या मारत मारत तोफेपर्यंत मागे ढकलत नेतो. प्रकाशाला बुक्की कशी मारणार, हा प्रश्न त्या क्षणी पडत नाही, यातच अ‍ॅनिमेशनची ताकद आहे. बुक्की बसल्यावर किरण दबतो, पुन्हा उसळतो, सुपरमॅनचे खांदे ताणले जातात. ही ओढाताण रेषांतून जाणवते. सावल्या गडद आहेत, कॅमेरा कोनात तिरका होतो, इमारती माणसांवर झुकल्यासारख्या दिसतात.

उणिवाही आहेत. खलनायकाला नावच नाही, त्याला शहराचा राग का, हे कळत नाही. लोइस धाडसी दाखवली आहे, पण शेवटी तिला सोडवायला कोणीतरी यावेच लागते. तरीही कथेपेक्षा हालचालीवर विश्वास ठेवणारा हा छोटा चित्रपट ८० वर्षांनंतरही शिळा वाटत नाही. त्या वर्षी त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले; पुरस्कार डिस्नीच्या ‘लेंड अ पॉ’ या प्लूटो कुत्र्याच्या कार्टूनला गेला.

मॅक्स फ्लायशर कोण होते?

मॅक्स यांचा जन्म १९ जुलै १८८३ रोजी क्राकोचा. आज पोलंडमध्ये असलेले हे शहर तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात होते. कुटुंब ज्यू, वडील शिंपीकाम करणारे. १८८७ मध्ये ते सारे न्यूयॉर्कला आले. सुरुवातीला वडिलांचे बरे चालले होते. मात्र कारखान्यांत कपडे ठोकभावाने शिवले जाऊ लागले तशी त्यांच्या हातच्या कामाची मागणी घटली आणि कुटुंब ब्रुकलिनमधील ब्राउन्सव्हिल या गरीब वस्तीत राहायला गेले. मॅक्स यांची एक आवड चित्रकलेची आणि दुसरी यंत्रांची. दोन्हींचे शिक्षण त्यांनी जमेल तसे, बहुतांशी काम करता करता घेतले.

‘ब्रुकलिन डेली ईगल’ या वृत्तपत्रात निरोप्या पोऱ्या म्हणून ते लागले आणि व्यंगचित्रकाराच्या टेबलापर्यंत पोहोचले. तिथेच जॉन ब्रे या चित्रकाराशी ओळख झाली. ती पुढे कामी आली. मग बोस्टनमध्ये छपाईचे ठसे बनवण्याचे काम, सिरॅक्यूसमध्ये विद्युत उपकरणांच्या कंपनीसाठी कॅटलॉगमधील चित्रे आणि अखेर ‘पॉप्युलर सायन्स’ मासिकाचे कला संपादकपद. हे मासिक यंत्र कसे चालते ते सामान्य वाचकाला चित्रांतून समजावत असे. फ्लायशर यांच्या पुढच्या आयुष्याचा धागा इथे सापडतो. ते डिस्नींसारखे गोष्ट सांगणारे नव्हते. एखादी अडचण दिसली की तिच्यावर यंत्र शोधणारे होते.

रोटोस्कोप म्हणजे काय?

पहिली अडचण होती थरथरीची. १९१० च्या दशकातील कार्टून झटके देत चालत. चित्रकार प्रत्येक चौकट अंदाजाने काढी, त्यामुळे चालणारा माणूस चालण्याऐवजी उसळल्यासारखा दिसे. मॅक्स यांनी उलटा विचार केला. आधी खऱ्या माणसाचे चित्रीकरण करायचे, मग ती फिल्म एकेक चौकट थांबवत काचेवर मागून पाडायची आणि कागद ठेवून बाह्यरेषा गिरवायच्या. गिरवलेली चित्रे पुन्हा क्रमाने चित्रित केली की हालचाल खऱ्या माणसाची, शरीर मात्र चित्रातले. लहानपणी खिडकीच्या काचेवर कागद धरून चित्र गिरवले असेल त्याला हे तत्त्व वेगळे समजावायला नको.

चाचणीसाठी धाकटा भाऊ डेव्ह विदूषकाचा ढगळ पोशाख घालून गच्चीवर उड्या मारत नाचला. आणखी एक भाऊ, ज्यो, यंत्रकामात मदतीला होता. दिवसा नोकरी आणि रात्री घरातच हे काम, असे करत सुमारे एका मिनिटाच्या फिल्मला जवळपास वर्ष लागले. १९१७ मध्ये ‘रोटोस्कोप’चे पेटंट मंजूर झाले. पुढे डिस्नीच्या ‘स्नो व्हाइट’नेही खऱ्या कलाकारांच्या चित्रीकरणावरून पात्रांच्या हालचाली बसवल्या आणि आजच्या संगणकीय ‘मोशन कॅप्चर’मागचा विचारही हाच आहे, फक्त काचेची जागा सेन्सरने घेतली.

डेव्हचा तो विदूषक म्हणजेच ‘कोको’. जॉन ब्रे यांच्या स्टुडिओतून ‘आउट ऑफ द इंकवेल’ ही मालिका सुरू झाली आणि १९२१ मध्ये फ्लायशर बंधूंनी स्वतःचा स्टुडिओ थाटला. या चित्रपटांत मॅक्स स्वतः टेबलाशी बसलेले दिसतात, दौतीतून कोको बाहेर येतो, त्यांना छळतो आणि शेवटी पुन्हा दौतीत जातो. निर्माता आणि त्याची निर्मिती यांची ही मारामारी त्या काळी नवलाची होती. डिस्नींनी १९२३ मध्ये ‘अ‍ॅलिस’ मालिका सुरू केली तेव्हा हीच कल्पना उलटी केली. तिथे खरी मुलगी कार्टूनच्या जगात जाते.

‘कराओके’चा चेंडू कोणी उडवला?

त्याच वर्षी, १९२३ मध्ये, फ्लायशर यांनी आइनस्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतावर समजावणीचा चित्रपट केला. ‘पॉप्युलर सायन्स’मधला माणूस गेला नव्हता! १९२४ पासून त्यांनी गाण्यांची कार्टून काढली, ज्यांत प्रेक्षकांनी पडद्यावरच्या शब्दांबरोबर गायचे असे. कोणत्या शब्दावर कधी यायचे हे कळावे म्हणून शब्दांवरून उड्या मारत जाणारा चेंडू त्यांनी आणला. कराओकेत रंग बदलत जाणाऱ्या ओळींचे मूळ शोधत गेले तर या चेंडूपाशी पोहोचता येते. यांपैकी काही कार्टूनना ली डी फॉरेस्ट यांच्या तंत्राने फिल्मवरच ध्वनीही जोडला होता. मिकी माउसच्या ‘स्टीमबोट विली’ला तेव्हा अजून काही वर्षे अवकाश होता. तरीही इतिहासात बोलक्या कार्टूनचे श्रेय १९२८ च्या मिकीकडे जाते. फ्लायशर यांच्या आयुष्यात हे पुन्हा पुन्हा होत राहिले. शोध आधी लावायचा आणि नाव दुसऱ्याचे व्हायचे.

त्याचे एक कारण म्हणजे व्यवहार. त्यांची वितरण कंपनी १९२६ मध्ये बुडाली. १९२९ मध्ये ‘फ्लायशर स्टुडिओज’ या नावाने नवा संसार मांडला तो पॅरामाउंटच्या पैशावर. पैसा पॅरामाउंटचा, वितरण पॅरामाउंटचे आणि करारात हक्कही पॅरामाउंटचे. मॅक्स यांच्याकडे उरले ते कार्टून बनवण्याचे काम.

हे काम त्यांनी जोरात केले. ऑगस्ट १९३० मध्ये ‘डिझी डिशेस’मधून बेटी बूप आली. पहिल्यांदा ती चक्क कुत्र्याचे कान असलेली होती, पुढे त्या कानांची झुंबरे झाली आणि ती पूर्ण बाई झाली. १९३४ मध्ये चित्रपटांवर नैतिकतेची कडक नियमावली लागू झाली आणि बेटीच्या झग्याची लांबी वाढली, तिच्या गोष्टीही सपक झाल्या. आपला आवाज आणि लकब बेटीसाठी चोरली, असा दावा गायिका हेलन केन यांनी मॅक्स आणि पॅरामाउंट या दोघांविरुद्ध केला होता. १९३४ मध्ये तो फेटाळला गेला. तेव्हा मॅक्स आणि पॅरामाउंट न्यायालयात एका बाजूला होते, हे पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवायला हवे.

१९३३ मध्ये पॉपाय आला. भारतात कार्टून नेटवर्कवर पालक खाणारा पॉपाय पाहत मोठ्या झालेल्या पिढीला फ्लायशर हे नाव माहीत नसले तरी त्यांचे काम माहीत आहे. पात्र ई. सी. सिगर यांच्या चित्रमालिकेतले, पण त्याची पडद्यावरची पुटपुट आणि रबरी हाणामारी फ्लायशर यांच्या स्टुडिओची. १९३६ च्या पॉपाय-सिंदबाद या रंगीत दोन रिळांच्या चित्रपटात मॅक्स यांचे आणखी एक यंत्र दिसते. फिरत्या चकतीवर लहानशा नेपथ्याचे खरेखुरे मॉडेल ठेवायचे आणि त्याच्यापुढे पारदर्शक पत्र्यावर काढलेले पात्र धरून दोन्ही एकत्र चित्रित करायचे. पॉपाय गुहेतून चालतो तेव्हा मागचे खडक खरोखर जवळ-दूर सरकतात. डोळे ताणून पाहिले तरी फसगत होते.

संपाचा डाग कोणता?

फ्लायशर यांच्यावर अन्याय झाला, हे सांगताना त्यांच्या स्टुडिओतील कामगारांना विसरून चालणार नाही. मे १९३७ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टुडिओत संप झाला. वेतन कमी, तास जास्त आणि संघटनेत गेलेल्यांना कामावरून काढल्याची तक्रार. संप पाच महिने चालला. स्वतःला घरच्या वडीलधाऱ्याप्रमाणे समजणाऱ्या मॅक्स यांना हा विश्वासघात वाटला. संघटनेला अखेर मान्यता द्यावी लागली, पण पुढच्याच वर्षी स्टुडिओ गुंडाळून थेट फ्लोरिडातील मायामीला नेण्यात आला. तिथे करसवलती होत्या आणि संघटनांचा जोर नव्हता. मायामीच्या स्टुडिओत वातानुकूलन होते, जागा प्रशस्त होती; मात्र फिल्म धुण्याच्या प्रयोगशाळा आणि अनुभवी माणसे मागेच राहिली होती. या स्थलांतरासाठी पॅरामाउंटने कर्ज दिले. ते कर्ज हाच पुढे फास ठरला.

‘स्नो व्हाइट’च्या यशानंतर पॅरामाउंटला आपलाही पूर्ण लांबीचा कार्टूनपट हवा होता. ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ डिसेंबर १९३९ मध्ये आला. त्यातील गलिव्हर रोटोस्कोपवर गिरवलेला आहे आणि बुटक्यांच्या गर्दीत तो वेगळ्याच जगातला वाटतो. इथे ते शोभतेही. अमेरिकेत चित्रपट चालला. पण युरोपात युद्ध पेटल्याने तिथली बाजारपेठ बंद झाली आणि खर्च तर अंदाजाबाहेर गेला होता.

सुपरमॅनला उडायला कोणी लावले?

जेरी सिगेल आणि जो शुस्टर या दोन तरुणांचा सुपरमॅन १९३८ मध्ये ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात आला. त्याचे हक्क त्यांनी प्रकाशकाला अवघ्या १३० डॉलरना दिले होते. त्यावर कार्टून करण्याचा प्रस्ताव पॅरामाउंटने आणला तेव्हा फ्लायशर बंधूंना तो नकोसा होता. माणसांसारखी माणसे, तीही अतिमानवी हालचाली करणारी, काढणे म्हणजे प्रचंड काम. डेव्ह यांनी नकार मिळावा म्हणून एका भागाला एक लाख डॉलर सांगितले आणि पॅरामाउंटने घासाघीस करून पहिल्या भागाला ५० हजारांवर सौदा पक्का केला, ही गोष्ट अ‍ॅनिमेशनच्या वर्तुळात नेहमी सांगितली जाते. आकड्यांवर वाद घालणारे आहेत, पण त्या काळच्या कुठल्याही छोट्या कार्टूनपेक्षा या मालिकेवर अधिक पैसा ओतला गेला, हे पडद्यावर दिसतेच.

रोटोस्कोप इथे अर्धाच उपयोगी पडला. क्लार्कचे चालणे, लोइसचे वळणे गिरवता येई. उडणारा किंवा रेल्वे अडवणारा माणूस चित्रित कुठे करणार? अनुभवी अ‍ॅनिमेटर हालचालीचा कच्चा आराखडा काढत आणि शरीररचनेचे रीतसर शिक्षण घेतलेले नवे सहायक त्यावर सुपरमॅनचे शरीर चढवत. मूळ चित्रकथेत सुपरमॅन उडत नव्हता, लांब झेपा घेत असे. कार्टूनमध्ये ती टोळासारखी उडी वाईट दिसते, असे लक्षात आल्याने त्याला उडू द्यावे असे ठरले, असे मानले जाते. सुरुवातीच्या भागांत तो कधी झेप घेतो, कधी चक्क उडतो. म्हणजे निर्णय होत असताना आपण तो पाहत असतो. टेलिफोन बूथमध्ये शिरून पोशाख बदलणारा क्लार्कही पहिल्यांदा दिसतो तो नोव्हेंबर १९४१ च्या ‘द मेकॅनिकल मॉन्स्टर्स’ या दुसऱ्या भागात. बूथ जगातून नाहीसे झाले, विनोद उरला आहे.

स्टुडिओ हातातून कसा गेला?

मे १९४१ मध्ये पॅरामाउंटने कर्ज आणि वाढीव खर्चाची वसुली मागितली आणि स्टुडिओची पूर्ण मालकी घेतली. फ्लायशर बंधू पगारी माणसे म्हणून काम पाहू लागले. म्हणजे सप्टेंबरमध्ये सुपरमॅनचा पहिला भाग झळकला, लोकांनी डोक्यावर घेतला, ऑस्करचे नामांकन मिळाले, तेव्हा हे सारे यश दुसऱ्याच्या खात्यात जमा होत होते.

घरातही फूट पडली होती. मॅक्स आणि डेव्ह यांचे बोलणे बंद झाले होते, कामाचे निरोप चिठ्ठ्यांवर जात. या मालिकेवर दिग्दर्शक म्हणून नाव डेव्ह यांचे, निर्मितीचा संसार मॅक्स यांचा आणि प्रत्यक्ष दृश्ये बसवणारे सेमूर नाइटल, मायरन वाल्डमन, विलार्ड बाउस्की यांसारखे अ‍ॅनिमेटर. कोण किती करतो, यावरून भावाभावांत ठिणग्या उडत असल्या तर नवल नाही. १९४१ च्या अखेरीस मॅक्स यांनीच पॅरामाउंटला कळवले की डेव्हबरोबर काम करणे आपल्याला शक्य नाही. त्यातच दुसरा कार्टूनपट ‘मिस्टर बग गोज टू टाउन’ आला तो पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या आठवड्यात आणि साफ पडला. डेव्ह बाहेर पडले. जानेवारी १९४२ मध्ये मॅक्स यांचा राजीनामा घेतला गेला. त्याच वर्षी स्टुडिओचे नाव बदलून ‘फेमस स्टुडिओज’ झाले. त्याच्या नव्या प्रमुखांपैकी एक होते सेमूर नाइटल, मॅक्स यांचे जावई.

मॅक्स तेव्हा ५८ वर्षांचे होते. ते डेट्रॉइटला जॅम हँडी या औद्योगिक आणि प्रशिक्षणपट बनवणाऱ्या संस्थेत गेले. ज्याच्या नावावर बेटी आणि पॉपाय, तो माणूस आता लष्करी आणि कारखानदारी विषयांची समजावणी करू लागला. खरे तर ते त्यांच्या जुन्या पिंडाला धरूनच होते. १९४८ मध्ये तिथेच त्यांनी लाल नाकाच्या ‘रुडॉल्फ’ हरणाचे कार्टून केले.

नाव पुसले जाते तेव्हा...

१९५५ नंतर पॅरामाउंटने जुनी कार्टून टीव्ही कंपन्यांना विकली. विकताना पाट्या बदलल्या गेल्या आणि अनेक प्रतींवरून फ्लायशर यांचे नाव उडाले. घराघरांत बेटी आणि पॉपाय दिसू लागले, तेव्हा ते केले कोणी हे सांगणारी पाटीच नव्हती. मॅक्स यांनी दावा लावला. तो आधी का लावला नाही? कारण जावई पॅरामाउंटच्या नोकरीत होते. मुलीच्या संसारावर परिणाम नको म्हणून ते दशकभर गप्प राहिले. न्यायालयात हाती काही लागले नाही. करारात जे लिहून दिले होते तेच आडवे आले.

या कडवट वर्षांत एक सुखद प्रसंगही घडला. मॅक्स यांचे चिरंजीव रिचर्ड दिग्दर्शक झाले होते आणि त्यांना डिस्नीने ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’साठी बोलावले. वडिलांच्या आयुष्यभराच्या स्पर्धकाकडे काम करायचे म्हणून रिचर्ड यांनी आधी त्यांची परवानगी घेतली आणि मॅक्स यांनी ती आनंदाने दिली. पुढे वॉल्ट डिस्नी यांनी मॅक्स यांना जेवायला बोलावले. टेबलाभोवती एकेकाळी फ्लायशर यांच्याकडे काम केलेले आणि नंतर डिस्नीत गेलेले कितीतरी चित्रकार होते. सप्टेंबर १९७२ मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी, कॅलिफोर्नियात चित्रपट व्यावसायिकांसाठीच्या निवासात मॅक्स यांचे निधन झाले. बेटी बूपच्या हक्कांचा कारभार पुढे कुटुंबाच्या कंपनीकडे आला, मात्र तो मॅक्स यांना फारसा अनुभवता आला नाही.

मग सुपरमॅनची ही कार्टून फुकट कशी?

तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार कॉपीराइट २८ वर्षांचा असे आणि मुदत संपताना तो नव्याने नोंदवावा लागे. सुपरमॅनच्या या १७ कार्टूनचे हक्क तोवर कॉमिक्सच्या प्रकाशकाकडे गेले होते. त्याने नोंदणी वाढवली नाही आणि सतराही भाग सार्वजनिक मालकीचे झाले. सुपरमॅन हे पात्र नव्हे, फक्त ही कार्टून. पात्राची पहिली चित्रकथा अमेरिकेत मुक्त होईल ती २०३४ मध्ये. त्यामुळे कोणीही हे चित्रपट विकू शकतो, मात्र त्यावरून नवा सुपरमॅन काढू शकत नाही.

होम व्हिडीओचे युग आले तेव्हा ही सोन्याची खाण ठरली. मिळेल त्या सोळा मिलिमीटर प्रतीवरून कॅसेट काढायची, वर भडक मुखपृष्ठ लावायचे आणि किराणा दुकानातल्या टोपलीत ठेवायची. रंग उडालेले, आवाज खरखरीत, पाट्या कापलेल्या. पण याच स्वस्त प्रतींनी ही कार्टून जिवंत ठेवली. १९९२ च्या ‘बॅटमॅन : द अ‍ॅनिमेटेड सिरीज’चा काळोख आणि चौकोनी जबडे इथून आले. जपानमध्ये हायाओ मियाझाकी यांच्या ‘लापुटा’तील लांब हातांचे यंत्रमानव पाहिले की ‘मेकॅनिकल मॉन्स्टर्स’ची आठवण होते.

वॉर्नरने मूळ साहित्यावरून अधिकृत संच काढला तो २००९ मध्ये डीव्हीडीवर आणि २०२३ मध्ये ब्लू-रेवर. फोनवर पाहणाऱ्यांनी यूट्यूबवर शोधताना स्वच्छ प्रत निवडावी, कारण धुरकट प्रतीत सावल्यांचा खेळ सगळा काळा लगदा होतो. उलट टोकही आहे. ब्लू-रेमध्ये फिल्मचा दाणा इतका पुसला गेला आहे की हातांनी रंगवलेल्या पार्श्वभूमीतील पोत सपाट झाला, अशी तक्रार अनेक परीक्षकांनी केली आणि ती रास्त आहे. वेळ थोडा असेल तर पहिला भाग, ‘मेकॅनिकल मॉन्स्टर्स’ आणि बर्फातून बाहेर आलेल्या डायनासोरचा ‘आर्क्टिक जायंट’ एवढे पाहावेत. शेवटच्या आठ भागांत युद्धप्रचार शिरला आहे आणि त्यातील जपानी माणसांचे चित्रण आज पाहवत नाही.

ते आठ भाग मॅक्स यांनी केलेले नाहीत. त्यांच्या स्टुडिओचे नऊ, उरलेले फेमस स्टुडिओजचे. पण दोन्ही अधिकृत संचांवर सर्वच्या सर्व सतरा भागांच्या वर, सुपरमॅनच्याही आधी, छापले आहे ते मॅक्स फ्लायशर यांचे नाव.